चार बोटं आत

माझी नणंद कमळा जाड होती. हे आधीच सांगून मोकळी होते, कारण तिला बघणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा तेच बघायचा आणि पुष्कळसे तिथेच थांबायचे. मला जे सांगायचं आहे ते त्याच्या पुढचं आहे. कमळा वकील होती. नारपोलीतल्या आमच्या आळीतून काळा कोट घालून भिवंडीच्या कोर्टात गेलेली ती पहिली बाई. आणि आळीने तिची आठवण काय ठेवली, तर म्हणे टांग्यात दोघांची जागा अडवायची. असल्या आळीला काय म्हणावं? मी तिथेच राहते, म्हणून जास्त बोलत नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा कमळा कॉलेजात होती. घराला लागूनच यंत्रमागांची शेड. दिवसभर खडखड चालायची आणि वीज गेली की उलट आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. त्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागतं, आणि त्यात कमळाचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातून तिने 'दादा, जेवायला ये' म्हटलं की चालत्या मागांच्या वरून तो आवाज शेडच्या पार टोकाला पोचायचा. दादा म्हणजे माझे मिस्टर, दौलत. माझं माहेर कल्याणचं, आमच्याकडे बायका इतक्या मोठ्याने बोलत नाहीत. पहिले काही दिवस मला वाटायचं, या घरात सारखी भांडणंच चाललेली असतात.

'या पोरीचा आवाज मागाच्या वर जातो, कोर्टात का न्हाय जानार?' हे माझे सासरे लडकू, म्हणजे कमळाचे आबा, यांचं लाडकं वाक्य. त्यालाही कारण होतं. जमिनीच्या एका वादात ते स्वतः कोर्टात उभे राहिले होते. खाडीच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाला हाक मारणारा हा माणूस. साहेबांनी नाव विचारलं, आणि त्यांना स्वतःचं नाव सांगता येईना. ओठ हलत होते म्हणे, आवाज नव्हता. लोक हसले. जमीन वकिलाने राखली, पण ते हसणं सासऱ्यांच्या मनातून गेलं नाही. माझी पोर तिथं जाऊन मोठ्यानं बोलंल, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि कमळाने त्यांना तसा शब्द दिला होता. ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असताना ते गेले. शब्द तिच्याकडे राहिला.

लग्नाचं म्हणाल तर पाहुणे येऊन पोहे खाऊन जायचे आणि मागाहून निरोप यायचा, मुलगी अंगाने फारच भरलेली आहे. पोहे मात्र कधी कुणी उरवले नाहीत. पुढे पुढे कमळाच म्हणाली की आता बोलावू नका कुणाला, पोह्यांचाच खर्च होतोय.

आता मापाची पद्धत सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

आमच्या घरात शिंप्याचा हात बाईच्या अंगाला लागू द्यायचा नाही. दामू शिंप्याचं दुकान धामणकर नाक्यावर होतं. निरोप गेला की तो यायचा आणि ओटीवर दाराकडे पाठ करून बसायचा. आत दार लावून माझी सासू कमळाचं माप घ्यायची. सासूचं नाव गुणाबाई, पण आम्ही सगळेच तिला आय म्हणायचो. तिला अक्षर येत नव्हतं की आकडा, म्हणून टेप तिच्या उपयोगाचा नव्हता. ती शेडमधून सूत आणायची, पिळून जाड करायची, अंगाभोवती फिरवायची आणि टोक जिथे येईल तिथे गाठ मारायची. छातीचं सूत वेगळं, कमरेचं वेगळं, दंडाचं वेगळं. मग दार किलकिलं करून ती सुतं दामूच्या हातात द्यायची. दामू ती टेपला लावून बघायचा आणि परत करायचा. परत आलेली सुतं आय चुलीत घालायची. पोरीचं माप दुसऱ्याच्या हातात राहिलं तर कुणी त्यावर करणी करील, अशी तिची समजूत. माझंही माप असंच जायचं, पण माझं सूत मी स्वतः धरायचे. कमळाच्या वेळी आत फक्त मायलेकी. कमळा भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून उभी राहते, हे मला आयनेच एकदा सांगितलं होतं.

फार पूर्वी दामू आकडा मोठ्याने वाचायचा. कमळा नववीत असताना त्याने असाच छातीचा आकडा ओटीवरून वाचला आणि वर म्हणाला, 'गेल्या खेपेपेक्षा बरंच वाढलंय की!' त्याच्या मनात काही नव्हतं, तोंडाला टाळं नव्हतं एवढंच. ओटीखाली आळीतली पोरं गोट्या खेळत होती. दुसऱ्या दिवसापासून कमळाचं नाव चाळीस पडलं. चाळीस आली, चाळीस गेली, चाळीस नापास झाली का विचारा. आयने दोन पोरांना लाटण्याने बडवलं आणि दामूला शपथ घातली की आकडा पुन्हा तोंडातून काढायचा नाही. दामूने ती पाळली. पण नाव पडलं ते पडलं. माझ्या लग्नानंतरसुद्धा एक चांगला मिशावाला घोडा तिला लांबून चाळीस म्हणून गेला. मी धुण्याचं पाणी त्याच्या अंगावर ओतलं आणि चुकून पडलं म्हणून सांगितलं.

दामूने शिवलेलं एकही पोलकं कमळाला कधी नीट आलं नाही. लांबी बरोबर, खांदा बरोबर, घेर कमी. दंडावर काच पडायचे, काखेत कातडं सोलवटायचं. माप दिल्यावर पोलकं शिवून यायला आठवडा लागायचा, आणि तेवढ्या आठवड्यात आपण वाढतो असं कमळाने मनाशी धरलं होतं. खरंच धरलं होतं. शिकलेली मुलगी, पण दुसरं कारण तिला सापडेना. म्हणून माप दिलं की त्या दिवसापासून तिचं जेवण कमी व्हायचं. अर्धी भाकरी, वर ताक. आणि आठवड्याने पोलकं यायचं ते पुन्हा घट्टच. ती रडायची नाही. म्हणायची, 'वहिनी, मी अशी कशी गं? नुसतं सूत गुंडाळलं तरी फुगते.' दामू शहाणा होता, शिवणीत आत कापड सोडून ठेवायचा. मी ते उसवायचे, मशीनवर नवी टीप मारायचे आणि पोलकं तिच्या अंगात जाईल एवढं करून द्यायचे. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं, आणि आम्हाला त्याची सवय झाली होती.

बहात्तर साली तिला सनद मिळाली. दौलत मुंबईहून हौसेने तयार कोट घेऊन आले. बायकांचे कोट तेव्हा कुठे मिळायला? पुरुषाचाच होता, दुकानातला सगळ्यात मोठा. खांदे तिच्या दंडावर आले, बाह्या बोटांवर आल्या, आणि छातीवर बटण लागेना ते लागेचना. ती आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, 'वरातीत कर्णा वाजवायला जाऊ का?' आम्ही पोट धरून हसलो. आपल्यावर ती आधी स्वतः हसून घ्यायची, म्हणजे दुसऱ्याला काही शिल्लक राहत नसे.

मग दामूला बोलावलं. काळं टेरीकॉट आणलं. आत माप झालं, सुतं बाहेर गेली, सुतं चुलीत गेली. कमळाने अर्ध्या भाकरीवर आठवडा काढला. कोट आला, आणि श्वास आत ओढून धरल्याशिवाय बटण लागेना. हात खांद्याच्या वर जाईना. पोलक्याचं ठीक होतं, मी उसवत होते. कोटाला आत अस्तर, काखेत गादी. उसवला तर कामातून जायचा. मी दामूला फैलावर घेतलं. तो म्हणाला, 'वहिनी, सूत होतं तसा शिवलाय. तुम्ही म्हणाल त्या देवाची शपथ घेतो.' आय खाली मान घालून तांदूळ निवडत होती. मी नवा शिवायला सांगणार होते, पण कमळाने हात धरला.

'कोट मापाचा आहे वहिनी,' ती म्हणाली. 'मी मापाची नाही. नवा येईपर्यंत मी आणखी वाढेन. त्यापेक्षा मीच कमी होते.'

धामणकर नाक्याला माडीवर केसरीनाथ वकिलांचं ऑफिस होतं, तिथे ती लागली. म्हातारे चांगले होते, फक्त पुटपुटत बोलायचे. कमळा कोर्टात जायची ती तारखा घेण्यापुरती. कोटाची बटणं उघडी, आणि ते दिसू नये म्हणून फाइल छातीशी धरलेली. घरी उपास सुरू झाले. सोमवार होताच, गुरुवार आणि शनिवार धरले, चतुर्थी आली, एकादशी आली. आय खूश, पोरगी देवाधर्माला लागली म्हणून. मला मात्र त्या कोटाचा राग यायचा. खुंटीवर असायचा तिथे मी त्याच्याकडे बघून शिव्या द्यायचे. आमच्या घरातलं एवढं मोठ्याने हसणारं माणूस त्याने गप्प करत आणलं होतं.

चौऱ्याहत्तर साली सीताबाईचं काम आलं. सीताबाई आतल्या गावाकडची, शेडमध्ये मागाच्या कांड्यांवर सूत भरायची. नवऱ्याने दुसरी आणली आणि हिला मुलीसकट बाहेर काढलं होतं. पोटगीसाठी अर्ज होता. केसरीनाथ म्हणाले, 'कमळाताई, शेवटचं बोलणं या वेळी तुम्ही करा. कागद तुम्हीच तयार केलेत.' त्या दिवसासाठी तिने घरात तयारी केली. मी भाकऱ्या थापत असायचे आणि ती चुलीपुढे उभी राहून साहेबांना समजावून सांगायची. काय सुंदर बोलायची! मलाच वाटायचं, चला, सीताबाईला देऊन टाकावी पोटगी. अर्थात तेव्हा अंगात कोट नसायचा.

मी त्या दिवशी कोर्टात गेले होते. मागच्या बाकावर सीताबाईच्या शेजारी बसले. मागच्या एका तारखेला साहेबांनी कमळाला बटणं लावून येत चला म्हणून बजावलं होतं, तेव्हा कोट बंद करणं भाग होतं. बाहेर व्हरांड्यात मी ओढून धरला आणि तिने बटणं लावली. आत तिने बोलायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं खणखणीत गेली. मग एक कागद दाखवायला तिने हात वर केला आणि तो मध्येच अडकला. कोटाने तिला काखेत धरलं. ती थांबली, श्वास घ्यायला गेली आणि श्वास पुरा येईना. पुढचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. 'मोठ्याने बोला,' साहेब म्हणाले. कमळाला म्हणाले, मोठ्याने बोला! तिने पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलत होते. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. केसरीनाथ उठले आणि उरलेलं त्यांनी पुटपुटत संपवलं.

निकाल विरुद्ध गेला. केसरीनाथ म्हणाले, पुरावाच कच्चा होता. असेलही. सीताबाई दुसऱ्या दिवशी कांड्या भरायला आली. कमळा घरी आली, कोट खुंटीवर लावला आणि म्हणाली, 'आबांचं तरी बरं होतं वहिनी, ते शिकलेले नव्हते.'

त्यानंतर ती कोर्टात बोलायला उभी राहिली नाही. माडीवर बसून दुसऱ्यांचे अर्ज लिहायची. वकील मंडळी म्हणायची, बाई लिहिते छान, पण दम नाही. दम नाही हे तिनेही मान्य करून टाकलं. घरातही तिचा आवाज खाली आला. जेवायला हाक मारायची तर शेडच्या दारापर्यंत चालत जायची. आय तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणायची, 'बापाच्या वळनावर गेली गो माजी बाय.' अशी चारेक वर्षं गेली. माणसाची उमेदीची वर्षं असतात ती, तिची त्या टेबलावर गेली.

अठ्ठ्याहत्तर साली दोन गोष्टी झाल्या. आयच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तिला सावल्यांपलीकडे काही दिसेनासं झालं. आणि सीताबाई परत आली. नवऱ्याने आता स्वतःचे माग घेतले होते, तेव्हा पुन्हा अर्ज करायचा तिने ठरवलं होतं. केसरीनाथ आता फारसे खाली उतरत नसत. सीताबाई सरळ आमच्या घरी आली आणि कमळापुढे बसली.

'ताय, या खेपेला तूच बोल. त्या म्हाताऱ्यांनी माजं नाव पन चुकीचं घेतलं व्हतं.'

'मला नाही बोलता येत, सीताबाई. तू बघितलंस ना?'

'मी पयली दोन वाक्यं ऐकली व्हती,' सीताबाई म्हणाली. 'मना तेवढी पुरं हायेत.'

कमळा म्हणाली, कोट जुना झालाय, काखेत विरलाय. निमित्तच शोधत होती. मी म्हटलं, मग नवा शिवू, त्यात काय आहे? आणि तिने नाही म्हणायच्या आत दामूला निरोप धाडला.

दामू येऊन ओटीवर पाठ करून बसला. आत दार लावलं. आयला दिसत नव्हतं, म्हणून कमळाच्या मापाचं सूत पहिल्यांदाच माझ्या हातात आलं. पण आय हटून बसली, मी हितंच बसनार, तुला जमायचं न्हाय. तिला खाटेच्या कडेला बसवलं. कमळा सवयीने भिंतीकडे वळली आणि तिने डोळे मिटले. तिच्या दंडावर, काखेखाली घट्ट कपड्यांचे काळे पडलेले वळ होते. एवढ्या वर्षांत मी ते उघड्यावर कधी बघितले नव्हते. मी छातीभोवती सूत फिरवलं, टोक आलं तिथे गाठ मारली.

'आन हिकडं, बघू,' आय म्हणाली आणि तिने सूत हातात घेऊन चाचपलं. मग दुसरा हात लांब करून तिने कमळाची पाठ चाचपली, आणि मान हलवली. 'हितं न्हाय गो काशी. टोकावर गाठ मारतीस व्हय? चार बोटं आत ये, मंग मार. तिची गाठ आपन आतच मारतो.'

भातात मीठ किती घालायचं ते सांगावं, तशा आवाजात तिने हे सांगितलं. मला आधी कळलंच नाही. म्हटलं, म्हातारीचा गोंधळ होतोय. कमळाने डोळे उघडले.

'आये,' ती वळली नाही, भिंतीकडे बघूनच बोलली. 'कवापास्नं?'

'तू नववीत व्हतीस तवापास्नं. त्या दाम्यानं आकडा वरडून सांगितला, आन् मुडद्यांनी तुला नाव ठेवलं. मी तवाच ठरवलं, पुन्ना माज्या पोरीचा आकडा वाढायचा न्हाय.' आयचा चेहरा खुलला होता. 'न्हाय वाढला. इतक्या वर्सांत दाम्या कवा म्हनाला का, वाढली म्हनून? सांग ना. कवा म्हनाला?'

'न्हाय, आये.'

'दंडाला पन चार, कमरंला पन चार. लांबी तेवढी खरी द्याची.'

शेजारी माग चालू होते. मला इतका संताप आला की त्या आंधळ्या म्हातारीला मी काय बोलले असते ते देव जाणे. अर्ध्या भाकऱ्या, उपास, काखेतल्या जखमा, ते कोर्ट, ती वर्षं. मी तोंड उघडलं तेवढ्यात कमळा वळली आणि तिने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. नको. मग आयला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, 'वहिनी, आय सांगते तसं कर. चार बोटं आत.' आणि डोळ्यांनी मला सांगितलं की गाठ आहे तिथेच राहू दे. मी काहीतरी खुडबुड केली. आयचं समाधान झालं.

मी सुतं बाहेर नेली. दामूने पहिलं सूत टेपला लावलं, पुन्हा लावलं, मग दंडाचं लावलं.

'वहिनी,' तो हळूच म्हणाला, 'हे सूत कुणाचं?'

'कमळाताईचं.'

त्याने टेप खाली ठेवला. मग म्हणाला, 'मग मी इतकी वर्षं कुणाचे कपडे शिवत होतो?'

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नाक्यावर त्याच्या दुकानात गेलो. आयला सांगितलं, देवळात जातोय. वाटेत कमळा एवढंच बोलली, 'म्हणजे मी आठवड्यात वाढत नव्हते, वहिनी.' मी रस्त्यातच रडायला लागले. ती रडली नाही. दुकानात तिने दामूला सांगितलं की समोर बघून, टेपने माप घ्या. टेपचं एक टोक मी धरलं, एक त्याने. तो तिला हात वर करायला सांगत होता, बसायला, वाकायला. माणूस थोराड म्हणून सगळाच कोट मोठा करायचा नसतो, म्हणाला. खांदा ज्याचा त्याच्या हाडावरच बसला पाहिजे, आणि पदर-निऱ्यांना जिथे जागा लागते तिथेच घेर सोडायचा. बोलता बोलता त्याचं नाक लाल झालं होतं. तिच्याकडे न बघता म्हणाला, 'ताई, तेव्हा मी तो आकडा वाचायला नको होता.' कमळा म्हणाली, 'आकडा खराच होता, दामूकाका.'

कोट आला. दुकानातल्या आरशापुढे तिने तो घातला, बटणं लावली, आणि दोन्ही हात सरळ वर केले. कोट जागचा हलला नाही. कुठे ओढलं नाही, कुठे फुगला नाही. कमळा त्या काळ्या कोटात इतकी रुबाबदार दिसत होती की दामूचा कारागीर मशीन थांबवून बघायला लागला. ती हात वर केलेली तशीच उभी राहिली. 'हा माझाच आहे ना गं?' तिने विचारलं, आणि मग मात्र तिला रडू आवरेना. तिशी ओलांडली होती तिने, आणि नववीनंतर अंगाला बसलेला हा तिचा पहिला कपडा.

सीताबाईच्या तारखेला मी पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसले. कमळा बोलली, शेवटपर्यंत बोलली. एकही वाक्य तुटलं नाही, आणि नाव घेताना 'सीताबाई' असं स्वच्छ घेतलं. पोटगी मंजूर झाली. सीताबाई माझा हात दाबत होती, पण मी कमळाच्या हाताकडे बघत होते. बटणं लागलेली होती, कोटात चांगली ऐसपैस जागा होती, तरी तिचा डावा हात कोटाचे दोन्ही पदर छातीपाशी आवळून धरून होता. कोपर अंगाला चिकटलेलं होतं. कागद दाखवायचा तर तिने तो हात न उचलता टेबलावरून पुढे सरकवला. श्वासही तोच, चोरून, थोडाथोडा घेतलेला. साहेबांना ऐकू गेलं, तेवढं पुरलं. पण मागांच्या वरून जाणारा तो आवाज नव्हता. मी वाट बघत होते, कदाचित शेवटी येईल. तो नाही आला. त्या दिवशी नाही, पुढे घरात कधी नाही. कोट बदलता आला, बाकीचं बदलायला फार उशीर झाला होता. तिला नंतर कामं मिळाली, लोक मान देऊ लागले, पण जोपर्यंत ती होती तोपर्यंत मी तिला त्या हाताशिवाय उभी राहिलेली बघितली नाही.

त्या दिवशी आम्ही घरी आलो तेव्हा आय ओटीवर बसली होती. शेजारची ठकुबाई तिच्या डोक्याला तेल लावत होती.

'बोललीस का गो?' आयने विचारलं.

'बोलले, आये.'

'हिकडं ये. कोट बघू.'

कमळा तिच्यापुढे वाकली. आयने दोन्ही हातांनी कोट चाचपला. खांद्यापासून खाली, बटणांवरून, मग बगलेत. बगलेतलं कापड तिच्या चिमटीत आलं, सैल. तिने ते पुन्हा पुन्हा चिमटीत धरून बघितलं. तिच्या हिशेबी तो कोट चार बोटं आतल्या गाठीचा होता.

'ढिला हाय गो,' ती म्हणाली. 'बाय माजी, बारीक झालीस तू?'

ठकुबाईचा तेलाचा हात थांबला. तिला दिसत होतं. मला दिसत होतं. वाटेने जाणाऱ्या माणसालाही दिसलं असतं.

'हो आये,' कमळा म्हणाली. 'बारीक झाले.'

आय हसायला लागली, हसता हसता तिच्या मिटत आलेल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. 'आयकलंस का ठकू? उपासांना देव पावला. माजी पोर बारीक झाली.' ठकुबाईने माझ्याकडे बघितलं आणि ती गुमान पुन्हा तेल लावायला लागली. मग आयने हवेत हात फिरवून मला शोधलं आणि माझं मनगट धरलं.

'काशी, आता चार बोटं आत नको गो. आता टोक येतं तितंच गाठ मारीत जा.'

मी बरं म्हटलं. कमळा भिंतीकडे तोंड करून उभी होती, आणि तिचा हात कोटाच्या बटणांवर होता.